बिनराबत्याच्या दिंड्या



टेबलावर ठेवलेली ही वस्तू पाहून मघाशी पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी मला विचारलं, "मीटर विकायला आणलंय का?" विकायला नाही आजोबा, विकत आणलंय. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून, रविवारी सकाळी, बरीच घासाघीस करून. भंगारात गेलेल्या कुठल्या तरी गाडीच्या डॅशबोर्डवरचा हा क्लस्टर. वेगाची सुई, इंजिनाच्या फेऱ्यांची सुई, पेट्रोलचा काटा आणि खाली दिव्यांची रांग. मागून निघालेल्या दोन वायरी बारा व्होल्टच्या अडॅप्टरला जोडल्या आहेत. आणखी दोन, एकमेकींना पीळ घातलेल्या, माझ्या लॅपटॉपला. गाडी नाही, इंजिन नाही, चाकं नाहीत.

आता बघा. बटण दाबलं. सुई कुठे गेली? ताशी १४० किलोमीटर. हे सभागृह जागचं हललेलं नाही, तरी मीटरच्या मते आपण सगळे एक्स्प्रेस वेवर आहोत आणि दंडाला पात्र आहोत.

मीटर खोटं बोलत नाहीये. त्याला जे सांगितलं ते त्यानं इमानानं दाखवलं. सांगणारा कोण, हे विचारायची सोयच त्याच्यात नाही. ती का नाही, आणि आता करायची म्हटली तर इतकी जड का जाते, एवढंच मला आज बोलायचं आहे.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या सरांनी आम्हाला मशीन ड्रॉइंग शिकवलं. शीटवर कुठलाही बोल्ट दिसला की त्यांचा प्रश्न ठरलेला असे: "हा उघडणार कोण?" म्हणजे पाना कुठून शिरेल, हात मावेल का, बोल्ट पडला तर सापडेल का. आणि मग चष्म्यावरून बघत पुढचा प्रश्न: "आणि ज्यानं उघडू नये, त्याचा हात पोचतोय का?" पहिल्या प्रश्नाची उत्तरं आम्ही पाठ केली. दुसरा प्रश्न आम्ही विनोदात काढला. पुढे तीस वर्षं गाड्यांची सॉफ्टवेअरं लिहिल्यावर कळलं, की माझ्या धंद्याचं अर्धं दुखणं त्या दुसऱ्या प्रश्नात होतं.

या पीळ घातलेल्या दोन वायरींचं नाव कॅन बस. जर्मनीत बॉश कंपनीत १९८३ च्या सुमारास तिच्यावर काम सुरू झालं आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या अभियंत्यांच्या परिषदेत ती मांडली गेली. तोवर प्रत्येक दिव्याला आणि प्रत्येक सेन्सरला स्वतंत्र वायर जायची. हार्नेस मनगटाएवढा जाड व्हायचा आणि दुरुस्ती करणारा रडकुंडीला यायचा. कॅननं ते सगळं दोन वायरींवर आणलं. तिचं काम चाळीच्या गॅलरीसारखं चालतं. कुणीतरी कठड्याशी उभं राहून मोठ्यानं सांगतं, सगळे ऐकतात, ज्याला गरज तो घेतो. "इंजिन २,२०० फेऱ्यांवर आहे", "ब्रेक दाबलाय", "डावं दार उघडं आहे". दोघं एकदम बोलले तर ज्याच्या संदेशाचा नंबर लहान त्याचा मान मोठा, दुसरा गप्प बसतो. एका हाकेत फार तर आठ बाइट माहिती. शेवटी सीआरसी नावाची पंधरा बिटांची पडताळणी, स्पार्क प्लगच्या गोंधळात एखादं अक्षर बिघडलं तर ते पकडायला.

चाळीत आवाज ओळखता येतो. कॅनवर येत नाही. संदेशावर विषयाचा नंबर असतो, पाठवणाऱ्याचं नाव नसतं. सीआरसी चूक पकडते, लबाडी पकडत नाही, कारण लबाड माणूसही गणित बरोबर करूनच पाठवतो.

हे करणारे काही बावळट नव्हते. १९८६ च्या गाडीत सिमकार्ड नव्हतं, ब्लूटूथ नव्हतं. त्या वायरींपर्यंत पोचायचं तर बॉनेट उघडूनच पोचावं लागे, आणि बॉनेट उघडलेल्या माणसाला तुमचे ब्रेक बिघडवायला साधी पक्कड पुरायची. घरचीच माणसं असलेल्या घरात देवघराला कुणी कुलूप घालत नाही. घोटाळा नंतर झाला. घर तेच राहिलं आणि त्याला हळूहळू रस्त्यावर उघडणारी दारं पडत गेली.

ती दारं किती पडली आहेत हे पहिल्यांदा नीट मोजलं ते वॉशिंग्टन विद्यापीठ आणि सॅन डिएगोचं कॅलिफोर्निया विद्यापीठ यांतल्या संशोधकांनी. २०१० मध्ये त्यांनी दाखवलं, की आतल्या वायरींपर्यंत पोचलेला माणूस चालत्या गाडीचे ब्रेक निकामी करू शकतो. कंपन्या म्हणाल्या, आत पोचला तर ना! २०११ मध्ये त्यांनी बाहेरून पोचून दाखवलं. ब्लूटूथवरून, गाडीतल्या फोनवरून, आणि एक तर मला फार आवडलेला मार्ग, सीडीवरून. खास बनवलेली गाण्याची एक फाइल. घरच्या संगणकावर ती नुसतं गाणं वाजवते, गाडीत लावली की गाडीच्या आत संदेश पाठवू लागते.

पण त्या दुसऱ्या निबंधातलं एक निरीक्षण त्या गाण्यापेक्षा मोलाचं आहे. त्यांना सापडलेल्या जवळपास सगळ्या फटी एका कंपनीनं लिहिलेला कोड आणि दुसऱ्या कंपनीनं लिहिलेला कोड जिथे जोडला जातो, तिथेच होत्या. ज्यानं गाडीच्या कारखान्यासाठी काम केलंय त्याला हे वाचून हसू येईल, आणि मग येणार नाही. गाडी बनवणारा स्पेसिफिकेशन लिहितो. रेडिओचा सप्लायर रेडिओ बनवतो. त्यातला मोडेम तिसऱ्याचा, त्या मोडेमवरचं सॉफ्टवेअर चौथ्याचं, सिमचं नेटवर्क पाचव्याचं. आपापलं टेस्टिंग प्रत्येकानं केलेलं असतं, रिपोर्ट हिरवे असतात. दोन हिरव्या रिपोर्टांच्या मधल्या जागेचा मालक कोण, हे कुणाच्याच करारात नसतं.

याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण म्हणजे जुलै २०१५ ची जीप. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघांनी अमेरिकेत सेंट लुइसजवळच्या हायवेवर धावणाऱ्या जीप चेरोकीचा ताबा आपल्या घरातल्या लॅपटॉपवरून घेतला. गाडी चालवत होते 'वायर्ड'चे पत्रकार अँडी ग्रीनबर्ग. आधी एसी जोरात सुरू झाला, मग रेडिओ, मग वायपर. आणि मग, जिथे बाजूला थांबायला कडेची पट्टी नव्हती अशा जागी, अॅक्सिलरेटर दाबूनही गाडी पळेना. काही दिवसांत १४ लाख गाड्या रिकॉल झाल्या आणि मालकांना घरपोच पेनड्राइव्ह पाठवले गेले. टपालानं पेनड्राइव्ह येतो आणि आपण तो गाडीत खुपसतो, ही सवय लोकांना लावणं कितपत शहाणपणाचं, हा वेगळाच विषय.

मला इथे बातमीपेक्षा यंत्र जवळून दाखवायचं आहे. त्या गाडीच्या रेडिओत ६६६७ क्रमांकाचं एक पोर्ट होतं. रेडिओच्या आतले वेगवेगळे प्रोग्रॅम एकमेकांशी बोलायला ते वापरत. आतल्या आत राहिलं असतं तर ठीक होतं. पण ते मोबाइलच्या बाजूनंही उघडं होतं, आणि दारावर पासवर्ड नव्हता. नेटवर्क कंपनीच्या जाळ्यात त्याच कंपनीचं दुसरं उपकरण त्याच्यापर्यंत पोचू शकत होतं. म्हणजे रेडिओ हाती आला. तरी रेडिओला कॅनवर थेट बोलता येत नव्हतं, मध्ये एक वेगळी चिप राखण करत होती. पण त्या राखणदाराचं सॉफ्टवेअर रेडिओकडून नव्यानं भरता येत असे, आणि नवं सॉफ्टवेअर अधिकृत आहे का, त्याच्यावर कंपनीची डिजिटल सही आहे का, हे ती चिप बघतच नव्हती. मग राखणदारच बदलला. सरांचा प्रश्न तीन ठिकाणी विचारायचा राहिला होता, आणि तिन्ही ठिकाणी वेगवेगळी माणसं बसलेली होती.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त दुर्गांवर एक प्रकरण आहे. मी इतिहासाचा माणूस नाही, पण ते प्रकरण सॉफ्टवेअरच्या पोरांना वाचायला लावतो. पंत म्हणतात, गडाला एकच दरवाजा असणं हा दोष. दोन-तीन दरवाजे करावेत, चोरदिंड्याही करून ठेवाव्यात. (दिंडी म्हणजे पंढरीची नव्हे, तटातला छोटा दरवाजा.) पण लगेच पुढे सांगतात, की रोजच्या राबत्याला लागतील तेवढ्या उघड्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. त्या पोर्टाबद्दल याहून नेमकी सूचना मी कुठल्याच इंग्रजी मानकात वाचलेली नाही. टेस्टिंगला दार लागतं, कारखान्यात लागतं, सर्व्हिसला लागतं. ते नसावंच असं कुणी म्हणत नाही. प्रश्न एवढाच, की राबता संपल्यावर चिणायची जबाबदारी कुणाची, आणि ती कधी ठरली.

आता माझीच एक दिंडी सांगतो. सरांच्या व्याख्यानात दुसऱ्यांच्या चुका किती सांगायच्या!

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका कंट्रोलरचं सॉफ्टवेअर लिहीत होतो. गॅरेजमधलं यंत्र जोडलं, की कंट्रोलर त्याला एक आकडा देतो. यंत्रानं त्यावर गुप्त रीतीनं हिशेब करून उत्तर परत द्यायचं. बरोबर आलं तर आत प्रवेश, म्हणजे सेटिंग बदलता येतात, नवं सॉफ्टवेअर भरता येतं. आमची गुप्त रीत म्हणजे त्या आकड्यात एक ठरलेला आकडा मिसळायचा, संपलं. आणि तो ठरलेला आकडा त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीत एकच. सोसायटीतल्या सगळ्या फ्लॅटना एकच किल्ली करून वर प्रत्येकाला लॅच बसवून दिल्यासारखं.

तेवढ्यावर भागलं नाही. असेंब्ली लाइनच्या शेवटच्या स्टेशनवाल्यांना प्रत्येक गाडीमागे मोजके सेकंद मिळत. तो सवालजवाब त्यांना परवडेना. लाइन थांबली की कुणाकुणाचे फोन येतात हे इथल्या पिंपरी-चाकणच्या मंडळींना सांगायला नको. मी एक पळवाट ठेवली: अमुक आकडा पाठवला की सवाल न विचारता आत. शेजारी कॉमेंट लिहिली, "नंतर काढणे". ते 'नंतर' आलं नाही. प्रॉडक्शन सुरू झालं, मी दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलो.

आठ-नऊ वर्षांनी सांगलीकडे जाताना गाडी कुरकुरायला लागली म्हणून एका गॅरेजात थांबलो. शेजारच्या खड्ड्यावर आमच्याच कंट्रोलरची गाडी. ग्रीसनं माखलेल्या, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या एका स्वस्त टूलवर त्या मिस्त्रीनं चार बटणं दाबली आणि तो आत. मी विचारलं, पासवर्ड मागत नाही? तो म्हणाला, "साहेब, या मॉडेलला लागतच नाय. कंपनीनंच सोय ठेवलीया." मी चहाचे पैसे दिले आणि गप्प बसलो.

तो मिस्त्री चोर नव्हता. त्याला गिऱ्हाइकाची गाडी दुरुस्त करायची होती. माझ्या पळवाटेतून तो आत गेला हे त्यातल्या त्यात बरंच झालं. पण त्या वाटेवर माणूस बघून दार उघडणारं कुणी नव्हतंच.

कॅनवर बोलणाऱ्याची ओळख पटवायचा उपाय ठाऊक नाही असं नाही. संदेशाला एक छोटी मोहर जोडायची. दोन्ही कंट्रोलरांकडे असलेल्या गुप्त किल्लीवरून ती काढायची, शिवाय एक चढता आकडा घालायचा, म्हणजे कालचा खरा संदेश टेप करून आज वाजवता येणार नाही. मोहरेला तीनेक बाइट, आकड्याला एखादा. झाले चार. आणि जुन्या गाडीतला ब्रेकचा संदेश उघडून बघा: आठांपैकी साडेसात बाइट भरलेले. मोहर बसवायची कुठे?

कपडा बेतताना शिंपी शिवणीत माया ठेवतो. ती बेतताना ठेवावी लागते. कापड कापून झाल्यावर मुलगा वाढला म्हणून माया निर्माण होत नाही, मग ठिगळ लावावं लागतं. गाडीचंही तसंच. किल्ली लपवायला चिपमध्ये वेगळा बंदिस्त कोपरा लागतो, आणि चिप निवडली जाते गाडी रस्त्यावर यायच्या तीन-चार वर्षं आधी, तीही पैशापैशाचा हिशेब करून. सुरू होताना प्रत्येक कंट्रोलरनं आपल्याच सॉफ्टवेअरची सही तपासायची म्हटलं तर त्याला वेळ लागतो, आणि वेळही आधीच वाटून दिलेला असतो. अमेरिकेचा नियम आहे, की गाडी रिव्हर्समध्ये टाकल्यापासून दोन सेकंदांत मागच्या कॅमेऱ्याचं चित्र दिसलंच पाहिजे. त्या दोन सेकंदांत सही तपासणं बसवायचं तर स्क्रीनवाला, कॅमेरावाला आणि सिक्युरिटीवाला पहिल्या महिन्यात एका टेबलाशी बसायला हवेत. माझ्या अनुभवात सिक्युरिटीवाला यायचा शेवटच्या महिन्यात, रिपोर्ट घेऊन. सगळे त्याच्याकडे पत्रिका छापून झाल्यावर मुहूर्त चुकलाय म्हणणाऱ्या भटजीकडे बघावं तसं बघायचे. पुढे २०१२ मध्ये ६४ बाइट मावणारी कॅन एफडी आली, जागा वाढली. पण नव्या कापडावरही जुनाच बेत काढणारे आहेतच.

ठिगळ लावलं नाही तर काय होतं ते लंडनमधल्या एका सुरक्षा-संशोधकानं स्वतःच्या दारात पाहिलं. २०२२ मध्ये त्याच्या टोयोटा रॅव्ह४ चा पुढचा बंपर दोनदा उचकटलेला आणि हेडलाइटच्या वायरी ओढलेल्या सापडल्या. टवाळ पोरांचं काम असेल असं वाटलं. मग जुलैत गाडीच गेली. चोरांनी हेडलाइटमागे निघणाऱ्या कॅनच्या वायरी पकडल्या होत्या. ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात लपवलेलं एक उपकरण जोडून "किल्ली जवळ आहे, खरी आहे" अशी हाक गॅलरीत मारली, आणि गाडीनं दार उघडून दिलं. कॅनचे जाणकार केन टिंडेल यांनी हे सगळं उलगडून २०२३ मध्ये लिहिलं. हेडलाइटच्या वायरीवर किल्लीबद्दल बोललेलं गाडीनं ऐकून घ्यावंच का? बेत काढताना कुणी विचारलं असतं, तर दिव्यांची वायर आणि कुलपाची वायर यांच्यामध्ये एक फाटक सहज ठेवता आलं असतं.

युरोपनं मात्र त्या चोरीच्या आधीच नियम केला होता. संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या मंचानं जून २०२० मध्ये नियम १५५ मंजूर केला. युरोपीय संघात जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलांना आणि जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीला तो लागू झाला. त्यात अमुक कुलूप लावा असं नाही. कंपनीनं दाखवायचं ते असं: धोके आम्ही बेत काढतानाच शोधतो, सप्लायरांचंही बघतो, गाडी विकल्यावरही लक्ष ठेवतो. त्यासाठी मिळणारं प्रमाणपत्र तीन वर्षांपुरतंच, मग पुन्हा परीक्षा. गंमत पुढे आहे. पेट्रोलवर चालणारी पोर्शे मॅकान तिथे चांगली खपत होती. तिच्या जुन्या आराखड्यात हे सगळं बसवण्यापेक्षा २०२४ मध्ये युरोपीय संघात ती विकणंच थांबवणं कंपनीला परवडलं. माया ठेवली नव्हती.

प्रत्यक्ष टेबलावर हे काम फार साधं दिसतं. एखादी सोय घ्यायची, समजा फोनवरून एसी सुरू करणं. यात काय मोलाचं आहे, कोण ते बिघडवू पाहील, त्याला किती कष्ट पडतील, बिघडलं तर कुणाचा जीव, पैसा, खासगीपणा किंवा खोळंबा, हे लिहून काढायचं. आमची पोरं याला 'टारा' म्हणतात. निसान लीफच्या बाबतीत २०१६ मध्ये ट्रॉय हंट यांनी दाखवलं, की अॅपच्या मागच्या सर्व्हरला फक्त गाडीचा चेसिस नंबर सांगितला तरी पुरे. कुणाच्याही लीफचा एसी जगातून कुठूनही लावता येत होता, तिच्या प्रवासाची नोंद बघता येत होती. आणि चेसिस नंबर समोरच्या काचेखाली कुणालाही वाचता येईल असा लिहिलेला असतो! अर्ध्या तासाच्या टारानं हे सापडलं असतं. कंपनीनं ती सेवा तेव्हा बंद ठेवली.

आपल्याकडे याच धर्तीवर एआयएस १८९ आणि १९० ही मानकं तयार झाली आहेत, पहिलं सायबर सुरक्षेचं, दुसरं सॉफ्टवेअर अपडेटचं. वेताळ टेकडीवर एआरएआय या वाहनसंशोधन संस्थेच्या आवारात आणि हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत या विषयावर बसणारी माणसं पुण्यातच राहतात. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या गाडीतला ब्रेकचा संदेश कोथरूडच्या पोरानं लिहिलेला असणं यात आता नवल राहिलेलं नाही. मला काळजी वाटते ती वेगळ्याच ठिकाणाची. आपल्याकडच्या टॅक्सी-बसमध्ये ठिकाण कळवणारं सिमवालं उपकरण आणि संकटाचं बटण बसवतात. सोय चांगली आहे, लागतेच. पण ते उपकरण गाडी बनवणाऱ्याच्या बेतात नसतं, मागाहून बसतं, कुणीतरी फिटर वायर सोलून जोडतो. दोन कंपन्यांच्या कोडमधली ती जागा आठवते ना?

आणि एक इशारा, माझ्याच बाजूच्या लोकांना. सुरक्षेच्या नावाखाली राबत्याची दारंही चिणली जाऊ लागली आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या लोकांनी २०२० मध्ये मत देऊन बाहेरच्या गॅरेजांचा गाडी दुरुस्तीचा अधिकार वाढवून दिला, तर कंपन्या सायबर धोक्याचं कारण सांगून कोर्टात गेल्या. धोका अगदीच खोटा नाही. पण सांगलीच्या वाटेवरचा तो मिस्त्री गाडीच्या आयुष्यातला राबता आहे. गाडी पंधरा वर्षं चालते, अधिकृत सर्व्हिस सेंटर पहिली तीन-चार वर्षं बघतं. त्याच्यासाठी नावानिशी उघडणारं दार ठेवणं हे अवघड इंजिनिअरिंग आहे, मान्य. भिंत बांधणं सोपं आहे, म्हणून ते इंजिनिअरिंग होत नाही. त्याच्यासाठी मी पळवाट ठेवली ती चूकच. दार ठेवायला हवं होतं.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. क्लस्टर इथेच ठेवतो. मी लॅपटॉपचं बटण सोडलं, बघा, संदेश थांबल्याबरोबर सुई शून्यावर आली आणि सगळे दिवे लागले. गाडी गेली कुठे, म्हणून बिचारा घाबरलाय. प्रश्न असतील ते आता घेऊ. ज्यांना सुई हलवून बघायची असेल त्यांनी पुढे यावं, शाळेतल्या मुलांनी आधी. फक्त त्या पिवळ्या वायरीला हात लावू नका, तिचा जोड सैल आहे.